पाठवलं म्हणजे पोचलं नाही

परवा एका वाचकाने स्क्रीनशॉट पाठवला. हिरवी पट्टी, बरोबरची खूण आणि खाली वाक्य : "आपला अर्ज यशस्वीरीत्या पाठवण्यात आला आहे." त्याचा प्रश्न एवढाच, "दादा, आता काही करायची गरज नाही ना?"

मी त्याला उत्तर टाइप केलं नाही, सरळ फोन लावला. कारण असलंच एक वाक्य २०२३ च्या जुलैत मी स्वतः लिहिलं होतं. माझ्या पोर्टलवर, माझ्या हाताने. आणि ते खोटं निघालं होतं. खोटं बोलायचा हेतू नव्हता, पण ६१ शेतकऱ्यांनी त्यावर भरवसा ठेवला होता.

ही गोष्ट मी आजवर मोजक्या लोकांनाच सांगितली. आज सगळ्यांसाठी लिहितो. थोडं कॉम्प्युटरचं आहे, पण शेवटपर्यंत वाचा. ज्याला सर्व्हर म्हणजे काय ते माहीत नाही, त्याच्याच कामाचं जास्त आहे.

२२ जुलै २०२३, शनिवार. आपल्या जिल्ह्यातल्या कोणाला हा दिवस आठवून द्यायची गरज नाही. यवतमाळ शहरात घराघरात पाणी शिरलं होतं. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढा घातला आणि लोकांना काढायला हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. सोयाबीन, कपाशी, तूर, सगळं पाण्याखाली. काही ठिकाणी तर पीक सोडा, मातीच वाहून गेली.

त्याच खरिपात एक रुपयात पीकविमा सुरू झाला होता. विमा बहुतेकांनी काढला होता. पण स्थानिक आपत्तीने नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत सूचना द्यायची, हा नियम होता. बँक, कृषी विभाग, टोल फ्री क्रमांक, ॲप, विमा कंपनी, कुठेही द्या, पण ७२ तासांत. आणि शनिवारी पाणी आलं. दुसऱ्या दिवशी रविवार. घड्याळ काही रविवारची सुट्टी घेत नाही.

गावोगावी लाइट नव्हती, टॉवर बंद होते. ज्यांच्या घरात शिकलेलं पोरगं होतं त्यांचं ॲपवर झालं. बाकीचे फोन करत होते, "भाऊ, आमचं कसं करायचं?" तेव्हा मला सुचलं की आपल्या पोर्टलवर एक साधा फॉर्म टाकावा. नाव, गाव, गट नंबर, पीक, नुकसानीची तारीख-वेळ, विम्याच्या पावतीचा नंबर, फोटो. बटण दाबलं की सर्व्हर आपोआप पत्र तयार करेल आणि विमा कंपनीच्या जाहीर ई-मेलवर पाठवेल, प्रत कृषी कार्यालयाला. ज्याला लाइट आहे त्याने शेजारच्या चार जणांचं भरावं.

शनिवारी रात्री दहाच्या सुमारास फॉर्म चालू केला. बटण दाबल्यावर दिसायचं वाक्य मीच लिहिलं : "तुमची सूचना पाठवली आहे." व्हॉट्सॲपच्या सगळ्या ग्रुपवर लिंक टाकली. लोकांनी आभार मानले. खरं सांगतो, छाती फुगली होती.

सोमवारी संध्याकाळपर्यंत ६१ फॉर्म आले. त्याच संध्याकाळी सहाच्या सुमारास दारव्ह्याकडचे एक काका माझ्या कार्यालयात आले. कार्यालय म्हणजे बसस्टँडमागची दहा बाय बाराची खोली. पायाला अजून चिखल. त्यांचा फॉर्म पुतण्याने भरला होता.

"भाऊ, मह्या अर्जाची पोच दे."

मी म्हटलं, "काका, ऑनलाइन गेलं ते. पोच नसते त्याला. गेलं समजा."

"समजा?" काका म्हणाले. "तलाठ्याले कागुद देतो तं तो शिक्का मारून देते. सोसायटीत देतो तं नंबर पडते. तुह्या कॉम्प्युटरनं काऊन नाई देल्ली? कोण घेतला मंग महा कागुद?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना चहा सांगितला आणि दाखवायला म्हणून लॅपटॉप उघडला. मनात होतं, एक चाचणी मेल पाठवून दाखवू, काकांचं समाधान होईल.

सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर गेलो. हा पडदा म्हणजे माउस नाही, बटणं नाहीत, फक्त टाइप करून हुकूम द्यायचा. 'मेल' हा हुकूम लिहिला, विषय टाकला, माझाच जीमेलचा पत्ता टाकला, एंटर मारलं. पडदा काहीच बोलला नाही. चूक नाही, तक्रार नाही. मागचा हुकूम नीट झाला का हे विचारायची एक सोय असते, ती वापरली. उत्तर आलं, शून्य. या जगात शून्य म्हणजे 'सगळं ठीक'.

"हे बघा काका, ठीक आहे म्हणते."

आम्ही जीमेल उघडून बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. इनबॉक्समध्ये नाही, स्पॅममध्ये नाही. चहा संपला. काका माझ्याकडे पाहत होते, मी पडद्याकडे.

मग मी पुण्यात नोकरी करणाऱ्या आपल्याच गावच्या एका पोराला फोन लावला. तो मला दादा म्हणतो, सर्व्हर लावायला त्यानेच शिकवलं होतं. त्याने पहिला प्रश्न केला, "दादा, मेलक्यू पाहिलं का?"

मी नव्हतं पाहिलं. हा हुकूम सर्व्हरवरच्या मेलची रांग दाखवतो. टाइप केलं आणि पडदा खाली सरकतच गेला. एकेका ओळीत एक पत्र. काकांचं होतं. वणीचं होतं, उमरखेडचं होतं, नेरचं होतं. शनिवारी रात्रीपासूनचं एकही पत्र बाहेर गेलेलं नव्हतं. प्रत्येकाखाली कंसात एकच कारण, 'कनेक्शन टाइम्ड आउट'. म्हणजे दार वाजवलं, कोणी उघडलं नाही.

पोरगा म्हणाला, "दादा, ते शून्य म्हणजे पत्र आपल्याच सर्व्हरवरच्या पोस्टफिक्सने घेतलं, एवढंच. आपल्या पेटीत पडलं. पेटी उचलून कोणी नेली का, ते त्यात नसते."

पोस्टफिक्स म्हणजे सर्व्हरमधला पोस्टमास्तर. 'मेल' हा हुकूम पत्र त्याच्या हातात देतो आणि मोकळा होतो. पुढे पत्र जायला उशीर झाला तर पोस्टमास्तर ते ठेवून घेतो आणि अधूनमधून पुन्हा प्रयत्न करतो. किती दिवस? कोणी बदललं नसेल तर पाच दिवस. या पाच दिवसांत तो पाठवणाऱ्याला 'उशीर होतोय' असंही कळवत नाही, ती सूचना मुळातच बंद असते. पाच दिवसांनी हात टेकतो आणि मग 'पत्र गेलं नाही' असं कळवतो.

हिशोब करा. शनिवारी रात्रीच्या पत्राचं 'गेलं नाही' हे मला गुरुवारी रात्री कळलं असतं. ७२ तास मंगळवारी सकाळी संपत होते. आणि तो निरोपही माझ्या जीमेलवर आला नसता. तो सर्व्हरच्याच आतल्या एका पेटीत पडला असता, जी मी आजवर कधी उघडली नव्हती.

काका नसते आले तर मला बहुधा कधीच कळलं नसतं.

पुढची पायरी, दार का उघडत नाही ते पाहणं. टेलनेट नावाच्या साधनाने जीमेलच्या मेल सर्व्हरचं २५ नंबरचं दार वाजवलं. सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते या दारातून. 'ट्राइंग' असं उमटलं आणि पडदा थिजला. मग ५८७ नंबर वाजवून पाहिला, आमच्या पोर्टलचा संपादकीय मेल जिथे आहे त्या कंपनीचा. लगेच उत्तर आलं.

कोडं सुटलं. बऱ्याच क्लाउड कंपन्या भाड्याच्या सर्व्हरवरून बाहेर जाणारं २५ नंबरचं दार बंदच ठेवतात. कारण चोर लोक स्वस्तात सर्व्हर घेऊन त्यातून लाखो फसवे मेल सोडतात. नियम वाईट नाही. आणि तो त्यांच्या मदतीच्या पानावर लिहिलेला होता. मी वाचला नव्हता. जूनमध्येच पैसे वाचवायला पोर्टल जुन्या होस्टिंगवरून या सर्व्हरवर आणलं होतं. जुन्या ठिकाणी मेल जात होते, म्हणून इथेही जात असतील असं धरून चाललो. फॉर्म चालू करण्याआधी एक मेल स्वतःला पाठवून पाहिला असता तर शनिवारी रात्री सव्वादहालाच कळलं असतं. चूक सगळी माझी.

उपाय असा, की पत्र थेट नेऊन न देता ५८७ च्या दाराने, नाव आणि पासवर्ड सांगून, आपल्या मेल कंपनीच्या हवाली करायचं. ओळखपत्र दाखवून पोस्टात टपाल देण्यासारखं. पोरगा फोनवर सांगत गेला, मी टाइप करत गेलो. पोस्टफिक्सला रिले कोण ते सांगितलं, पासवर्डची फाइल केली, ती दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही अशी कुलूपबंद केली, पोस्टफिक्सला नव्याने वाचायला लावलं.

चाचणी पाठवली. आता नवीन नकार. पाठवणाऱ्याचा पत्ता तुमच्या मालकीचा नाही. बरोबरच होतं. सर्व्हर आपल्या मनाने 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' अशा नावाने पाठवत होता आणि लॉगिन संपादकाच्या नावाचं. दुसऱ्याच्या सहीचं पत्र कोण घेईल? पाठवणाराचा पत्ता बदलायची सोय केली. साडेअकरा वाजले. मध्ये एकदा लाइट गेली, मोबाइलच्या इंटरनेटवर चाललो.

बाराच्या पुढे चाचणी मेल जीमेलमध्ये दिसला. इनबॉक्समध्ये. कारण संपादकीय मेलच्या डोमेनवर आधीच एक नोंद होती, एसपीएफ म्हणतात तिला. आमच्या नावाने कोणत्या सर्व्हरने पत्र पाठवलेलं चालेल, याचं ते जाहीर अधिकारपत्र असतं. आता तर २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेलने नियम कडक केले आहेत. असं अधिकारपत्र किंवा डीकेआयएम नावाची डिजिटल सही नसेल तर मेल परत फिरू शकतो.

मग रांगेतली सगळी पत्रं पुन्हा नव्याने लावली आणि सोडली. दुसऱ्या खिडकीत लॉग उघडा ठेवला. लॉग म्हणजे पोस्टमास्तरचं जावक रजिस्टर. आधी तिथे प्रत्येक ओळीत 'डिफर्ड' होतं, लांबणीवर. आता एकेक ओळ 'सेंट' होऊ लागली आणि पुढे कंसात २५० हा आकडा आणि एक नोंदणी क्रमांक. २५० म्हणजे समोरच्या सर्व्हरने 'घेतलं' असं म्हटलं.

काका रात्री माझ्याकडेच मुक्कामी होते, शेवटची बस गेली होती. त्यांना ती ओळ दाखवली. "हा घ्या काका, शिक्का." त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "नंबर पडला ना? मंग झालं. आता छापून दे."

मंगळवारी पहाटे १ वाजून ४० मिनिटांनी रांग रिकामी झाली.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती मोठ्या अभिमानाने आधीच लिहिली असती. पण ६१ पैकी सात जणांचं नुकसान शुक्रवारी संध्याकाळचं होतं. नाल्याकाठची शेतं, पाणी आदल्या दिवशीच शिरलेलं. त्यांचे ७२ तास सोमवारी संध्याकाळी, मी काकांना चहा पाजत होतो तेव्हाच, संपले होते. त्यांनी फॉर्म वेळेत भरला होता. शनिवारी रात्रीच, पहिल्या तासाभरात भरणाऱ्यांमध्ये ते होते.

मी मनाशी वाद घालून पाहिला. पत्रावर तारीख तर शनिवारचीच आहे. पण माहिती तंत्रज्ञान कायदा २००० काढून वाचला. कलम १३ म्हणतं, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकात शिरेल तेव्हाच इलेक्ट्रॉनिक पत्र रवाना झालं असं धरायचं. आमची पत्रं तोवर माझ्याच ताब्यातल्या सर्व्हरवर होती. कायद्याच्या भाषेत ती पाठवलीच गेली नव्हती. त्याच्या आधीचं कलम १२ तर पोचपावतीबद्दलच आहे. काका जे दारात उभं राहून विचारत होते, ते संसदेने तेवीस वर्षांआधी लिहून ठेवलं होतं.

मंगळवारी मोटारसायकल काढली आणि सातही घरी गेलो. फोनवर सांगायची हिंमत नव्हती असं नाही, पण ते फोनवर सांगायचं काम नव्हतं. एकाने पाणी दिलं आणि काही बोलला नाही. एक माउली म्हणाली, "तुम्ही पेपरवाले ना? मंग तुमच्यावर नाई तं कोनावर भरवसा ठेवाव?" ते वाक्य अजून जात नाही.

लॉगचे कागद जोडून, चूक माझी असल्याचं माझ्या सहीने लिहून, त्यांचे अर्ज पुन्हा दिले. उशिराचे म्हणून ते बाजूला पडले. पंचनाम्याची सरकारी मदत वेगळी असते, ती त्यांना मिळायची तशी मिळाली. विम्याचं गेलं ते गेलं.

नंतर मी विचार करत राहिलो, ही चूक माझ्याकडून झालीच कशी? मी २००१ साली पत्रकारितेची पदविका घेऊन या धंद्यात आलो तेव्हा बातमीचं पाकीट एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्यायचो. फोटो आणि मजकूर. गाडी पोचायच्या वेळेला एसटीडीवरून डेस्कला फोन, "सर, पाकीट भेटलं काय?" हो म्हणेपर्यंत घरी जायचं नाही. फॅक्स आला तेव्हाही तेच. मशीनमधून 'ओके'ची चिठ्ठी निघाली तरी फोन करून विचारायचं, सगळी पानं वाचता येतात का. ड्रायव्हरवर आमचा अविश्वास नव्हता. पाकीट हातातून सुटलं म्हणजे काम झालं असं आम्ही मानत नव्हतो. कॉम्प्युटर आला आणि 'यशस्वी' असं हिरव्या रंगात दिसायला लागलं, तेव्हापासून ही सवय मोडली. माझी मोडली, तशी सगळ्यांचीच मोडली.

त्या आठवड्यात मी पोर्टलवरचं वाक्य बदललं. आता तीन वाक्यं आहेत. बटण दाबलं की "आमच्याकडे नोंद झाली, अजून पाठवलेली नाही." समोरच्या सर्व्हरने घेतलं की "बाहेर गेली", सोबत क्रमांक आणि वेळ. तिकडच्या माणसाचं उत्तर आलं तरच "पोच मिळाली". रांगेत पत्र अर्ध्या तासापेक्षा जास्त अडकलं तर माझा फोन वाजतो. रात्री दोनला वाजला तरी चालेल.

आज हे लिहायचं कारण त्या ७२ तासांचंच आहे. २०२५ च्या खरिपापासून राज्याने वैयक्तिक सूचनेवरची ही भरपाई विम्यातून काढली आणि पीक कापणी प्रयोगावरच हिशोब ठेवला. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केलं की २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान विम्यात येऊ शकेल, आणि त्याची सूचना ७२ तासांत, ॲपवर, फोटोसह द्यायची. आपल्याकडे रानडुक्कर आणि रोह्यांनी रातोरात उडवलेलं शेत कोणाला नवीन आहे? म्हणजे घड्याळ पुन्हा चालू होतंय. राज्याची अधिसूचना नीट वाचा. आणि सूचना देताना पुढचं लक्षात ठेवा.

'सबमिट झालं' या वाक्याला पावती समजू नका. अर्ज क्रमांक, तारीख आणि वेळ दिसते का पाहा. दिसत असेल तर स्क्रीनशॉट घ्या आणि छापूनही ठेवा. क्रमांक नसेल तर त्याच दिवशी दुसऱ्या मार्गाने पुन्हा द्या, शक्य असेल तर कागदावर, आवकचा शिक्का घेऊन. ई-मेल पाठवला तर शेवटी एक ओळ टाका : "कृपया मिळाल्याचे कळवावे." दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर नसेल तर मेल गेलाच नाही असं समजून चाला.

आणि जे माझ्यासारखे फॉर्म, पोर्टल, सेतू केंद्रं चालवतात, ग्रामपंचायतीची साइट सांभाळतात, त्यांना हात जोडून सांगतो. मेल पाठवणारा हुकूम शून्य म्हणाला म्हणून शेतकऱ्याला 'पाठवलं' म्हणू नका. रांग पाहा, लॉग पाहा, रोज एक मेल स्वतःला पाठवून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

ज्या कार्यालयांनी आपले ई-मेल पत्ते जाहीर केले आहेत त्यांनाही एकच मागणी. आलेल्या प्रत्येक मेलला आपोआप एक उत्तर जाऊ द्या, आवक क्रमांकासह. आपोआप उत्तर द्यायची सोय मेलमध्ये असते, क्रमांकाची व्यवस्था मात्र वेगळी करावी लागेल. तलाठी कार्यालयातला शिक्का जे काम करतो, तेच काम ती एक ओळ करेल.

स्क्रीनशॉट पाठवणाऱ्या त्या वाचकाला मी हेच विचारलं, "क्रमांक आला का?" तो म्हणाला, नाही. दुसऱ्या दिवशी तो तालुक्याला जाऊन कागद देऊन आला आणि शिक्क्याचा फोटो मला पाठवला. जांभळी शाई, थोडी पसरलेली, तारीख मात्र स्पष्ट.

काकांना तो फोटो दाखवायचा आहे. पुढच्या सोमवारी बाजाराला येणार आहेत.